गर्दीचे अन्न : एदोच्या गाडीपासून सीताबर्डीच्या टेबलापर्यंत सुशी

व्हरायटी चौकातून सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी शिरणाऱ्याला फारसे चालावे लागत नाही. गर्दीच त्याला पुढे नेते. दोन्ही बाजूंना दुकाने, दुकानांपुढे फेरीवाले, जवळच मेट्रोच्या दोन मार्गिकांचे संगमस्थानक आणि या साऱ्यावर नजर ठेवून बसलेली किल्ल्याची टेकडी. खरेदी आटोपली की मित्रमंडळींचे पाय खाण्याकडे वळतात. तर्री-पोहे आहेत, पाणीपुरी आहे, सावजी तर आहेच. अलीकडे शहरातल्या आशियाई पदार्थांच्या उपाहारगृहांत आणखी एक नाव दिसू लागले आहे, आणि सहा-आठ जणांच्या टेबलावर मधोमध ठेवलेल्या त्या लांबट ताटलीभोवती हमखास एक वाद रंगतो : नागपुरात सुशी कशासाठी?

वादातले आक्षेप दोन. पहिला भूगोलाचा. सुशी म्हणजे समुद्राचा मासा, आणि मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने आठशे किलोमीटरहून अधिक दूर. दुसरा आक्षेप रीतीचा. सुशी म्हणजे पांढऱ्या लाकडाचा काउंटर, मौन पाळणारा आचारी आणि हलक्या आवाजात बोलणारे धनिक गिऱ्हाईक. हसतखिदळत, एकमेकांच्या ताटात हात घालत खाण्याची ती वस्तू नव्हे. दोन्ही आक्षेप ऐकायला पटण्याजोगे आहेत. इतिहासात मात्र दोन्ही टिकत नाहीत.

भूगोलापासून आरंभ केलेला बरा. सुशीचा जन्म समुद्रकाठी झालेला नाही. बहुतेक अभ्यासक तिचे मूळ आग्नेय आशिया आणि दक्षिण चीनमधल्या भातशेतीच्या मुलखात, मेकाँगसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत शोधतात. पावसाळ्यात नदी फुगते, पाणी खाचरांत शिरते, पाण्याबरोबर मासे येतात. पाणी ओसरले की थोड्या दिवसांत एवढे मासे हाती लागतात की खाऊन संपत नाहीत. मग ते साफ करून मिठात मुरवायचे, शिजवलेल्या भाताच्या थरांत दाबून भरायचे आणि वर वजन ठेवून महिनोन्महिने झाकून ठेवायचे. भात आंबतो, त्यातून तयार होणारे आम्ल मासा सडू देत नाही. खायच्या वेळी मासा काढून घ्यायचा आणि लगदा झालेला भात टाकून द्यायचा. आज ज्या भातामुळे सुशीला सुशी म्हणतात, तो भात आरंभी फेकून देण्याचे आवरण होता! ‘सुशी’ हा शब्दही जपानीतल्या ‘आंबट’ या अर्थाच्या जुन्या विशेषणापासून आला, असे मानतात. मराठीत आंबट आणि आंबवणे यांचे जे नाते, तेच येथेही आहे.

धान, साठलेले पाणी आणि गोड्या पाण्यातला मासा : ही त्रयी नागपूरकरांना परकी वाटण्याचे कारण नाही. शहराच्या पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे धानाचे जिल्हे आहेत. तेथल्या हजारो मालगुजारी तलावांपैकी पुष्कळसे कोहळी समाजाने बांधले, आणि त्यांतली मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाच्या हाती राहिली. नवेगाव बांधच्या जलाशयाचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. याच पट्ट्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे धानाचे वाण निवडून वाढवले. मासा टिकवण्यासाठी झाडीपट्टीने वेगळा मार्ग धरला; तेथे मासा भातात आंबवला नाही, उन्हात वाळवला. विदर्भाचे ऊन पाहता ही निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल. पण प्रश्न दोन्हीकडे एकच होता : चार महिन्यांची मुबलकता आठ महिने कशी पुरवायची?

भात आंबवण्याची ही युक्ती भातशेतीच्या वाटेने जपानला पोहोचली. आठव्या शतकाच्या आरंभीच्या तेथल्या कायद्यांत सुशी ही सरकारजमा करावयाची वस्तू म्हणून नोंदलेली आहे. शेतसारा म्हणून आंबवलेला मासा! ती जुनी पद्धत आजही पूर्णपणे गेलेली नाही. शिगा प्रांतात बिवा सरोवराकाठी ‘फुनाझुशी’ बनते. सरोवरातला निगोरोबुना नावाचा मासा आधी महिनोन्महिने मिठात आणि नंतर वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ भातात ठेवतात. तिचा वास पहिल्यांदा घेणारा जपानी तरुणही चार पावले मागे सरतो. बिवा हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे, हे पहिल्या आक्षेपाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढचा हजार वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगता येतो : लोकांना वाट पाहणे जड जाऊ लागले. वर्षाचे महिने झाले, महिन्यांचे आठवडे. मासा पुरता आंबण्याआधीच, भात अजून खाण्याजोगा असताना, दोन्ही एकत्र खाण्याची रीत पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंत रुळली आणि फेकला जाणारा भात पानात आला. सतराव्या शतकात आंबण्याची वाटच न पाहता भातात थेट सिरका घालण्याची रीत पसरू लागली. १८०४ साली हांदा या गावच्या नाकानो मातासाएमोन नावाच्या मद्य उत्पादकाने मद्य गाळून उरलेल्या चोथ्यापासून स्वस्त सिरका बनवण्यास सुरुवात केली. हा तांबूस सिरका जहाजांनी एदोला जाऊ लागला. वर्षभराचे काम घटकाभरात उरकले.

एदो म्हणजे आजचे तोक्यो. अठराव्या शतकात तेथे सुमारे दहा लाख लोक राहत, आणि त्यांत पुरुष स्त्रियांपेक्षा बरेच अधिक होते. गावाकडून आलेले सुतार, गवंडी, हमाल, सरदारांच्या पदरचे एकटे शिपाई. लाकडी घरांचे हे शहर वारंवार जळे. १६५७ च्या आगीत तर त्याचा मोठा भाग भस्मसात झाला होता. जळले की पुन्हा बांधायचे, बांधायला पुन्हा कारागीर हवेत, आणि त्या कारागिरांना कोंदट खोलीत चूल पेटवण्याइतकी ना जागा ना सवड. म्हणून एदो रस्त्यावर जेवे. पुलांच्या तोंडाशी आणि बाजारांच्या कडेला चाकांच्या, खांद्यावरच्या, मांडवाखालच्या गाड्या लागत. सोबाच्या शेवया, तळलेले तेम्पुरा, आणि १८२० च्या दशकापासून हाताने वळलेली सुशी.

या हातवळणीच्या सुशीचे, म्हणजे ‘निगिरी’चे, श्रेय सामान्यतः हानाया योहेई याला दिले जाते. त्याचा जन्म १७९९ चा, दुकान र्‍योगोकू भागात. एकट्यानेच शोध लावला असे खाद्यपदार्थांच्या बाबतीत क्वचितच घडते, आणि येथेही घडले नसावे. पण योहेईने तिला नाव मिळवून दिले एवढे खरे. सिरका घातलेल्या भाताचा गोळा, वर एदोच्या खाडीतल्या माशाचा तुकडा, मध्ये वसाबीचे बोट. मासाही सरसकट कच्चा नसे : कोणता सिरक्यात मुरवलेला, कोणता सोया सॉसमध्ये बुडवलेला, कोणता उकडलेला. बर्फ नसलेल्या काळात दुसरा मार्गच नव्हता. घास आजच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा. दोन-तीन खाल्ले की कामगाराची भूक भागे. सोबाचा वाडगा सोळा मोनला मिळे, सुशीचा घास साधारण चार ते आठ मोनला. गिऱ्हाईक उभ्यानेच खाई, हातानेच खाई आणि जाता जाता गाडीपुढच्या कापडी पडद्याला बोटे पुसून चालू लागे. ज्या गाडीचा पडदा अधिक मळका तिची सुशी अधिक चांगली, असा हिशेब त्या काळी लोक करत, असे सांगतात. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्या मळक्या पडद्यावर लिहिलेले आहे.

अर्थात श्रीमंतांची सुशीही लवकरच अवतरली, आणि राज्यकर्त्यांना ती खुपली. १८४० च्या दशकाच्या आरंभी, तेन्पो सुधारणांच्या काळात, चैनीवर टाच आली तेव्हा महागडी सुशी विकणाऱ्यांना हातकड्या पडल्या. त्यांत योहेईचेही नाव घेतले जाते. साध्या गाड्यांना मात्र कोणी हात लावला नाही.

तारखा शेजारी ठेवून पाहण्याची सवय असलेल्यांसाठी एक जोड येथे आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि नागपूरच्या राज्याचे स्वातंत्र्य हातचे गेले. त्यानंतरच्या दशकात रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स अल्पवयीन राजाच्या नावाने नागपूरचा कारभार हाकत होता; त्याच दशकात, बाहेरच्या जगाला दारे बंद केलेल्या जपानमध्ये, योहेई भाताचे गोळे वळत होता. एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती. दोन्ही शहरे एका व्यापारी दोऱ्याने जोडली जायला आणखी सात दशके लागणार होती.

तो दोरा कापसाचा होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आली. वऱ्हाडचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, हे पाहून जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले आणि सीताबर्डीपासून फार दूर नसलेल्या जुम्मा तलावाकाठच्या दलदलीत भराव घालून गिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केल्याच्या दिवशीच, ती सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस मिल. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे मूळचे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, सूतकामाचा गंध नसलेले. पण गिरणी त्यांनीच नावारूपाला आणली.

हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस जपानच्या नव्या गिरण्यांना हवा होता, परंतु त्याची वाहतूक पी अँड ओ आणि तिच्या सहकारी युरोपीय कंपन्यांच्या मुठीत होती. त्यांची भाडी व्यापाराचा नफा गिळत. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले आणि निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीशी करार करून त्यांनी भाड्याने घेतलेली जहाजे मुंबई-कोबे मार्गावर घातली. (त्याच प्रवासात योकोहामाहून निघालेल्या बोटीवर त्यांना स्वामी विवेकानंद भेटले, बोटीचे नावही ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’!) युरोपीय कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की टाटांचा मार्ग लवकरच बंद पडला. जपानी कंपनीने मात्र आपल्या सरकारच्या पाठबळावर मुंबईची फेरी चालू ठेवली, आणि तो तिचा पहिला दूरचा सागरी मार्ग ठरला. मागे सरकार असणे आणि नसणे यांतला फरक एवढा स्वच्छपणे क्वचितच दिसतो.

जहाजांतून कापूस गेला; सुशी मात्र उलट वाटेने आली नाही. तशी ती येणेही शक्य नव्हते, कारण कोबेच्या गोदीत काम करणारा हमाल जे खातो ते निर्यातीची वस्तू असते, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते. नागपूरच्या गिरणी कामगाराचेही तेच. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेले, जवसाच्या तेलातले, डोळ्यांतून पाणी काढणारे सावजी जेवण खानावळींतून त्याच्या पानात पडे. पाळी संपवून आलेला माणूस, कोंदट खोली, हाती थोडेच पैसे आणि जिभेला झणझणीत काही हवे असण्याची गरज : एदोचा सुतार आणि नागपूरचा विणकर एकमेकांना पाहून ओळखते. एकाचे अन्न पुढे जगभरच्या पंचतारांकित हॉटेलांत गेले आणि दुसऱ्याचे अजून ‘फार तिखट’ या एका शेऱ्यात गुंडाळले जाते. यात चवीचा भाग किती आणि कोणत्या देशाचे नाव केव्हा मोठे झाले याचा भाग किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सुशीच्या बाबतीत तरी ही बढती उशिरा आणि आडमार्गाने मिळाली. १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले, कारागीर आपापल्या गावी परतले आणि एदोची ही स्थानिक वस्तू देशभर पसरली. महायुद्धानंतर धान्याचा तुटवडा इतका, की १९४७ मध्ये उपाहारगृहांवर निर्बंध आले. तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी तोड काढली : गिऱ्हाइकाने आपल्या वाटणीचा मापभर तांदूळ आणावा, दुकानदाराने त्याच्या दहा सुश्या वळून द्याव्यात आणि फक्त मजुरी घ्यावी. विक्री नव्हे, दळण-कांडणासारखे काम! कायद्याचे शब्द पाळले गेले आणि धंदा वाचला. पुढे स्वच्छतेच्या नियमांमुळे उघड्यावरच्या सुशीच्या गाड्या रस्त्यावरून हटल्या. गाडीची फळी घरात गेली आणि तिचा काउंटर झाला. ज्याला आज प्राचीन परंपरा समजले जाते त्या शांत काउंटरचा सार्वत्रिक प्रसार हा असा, विसाव्या शतकातला.

रस्त्यावरची गजबज मात्र दुसऱ्या दाराने परत आली. ओसाका परिसरातले छोटे दुकानदार योशिआकी शिराइशी यांना पुरेसे नोकर मिळत नव्हते. बीअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना वाटले, ताटल्या का जाऊ नयेत? १९५८ मध्ये त्यांचे फिरत्या सुशीचे पहिले दुकान उघडले. पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे आठ सेंटिमीटर : याहून जलद गेला तर मासा सुकतो, याहून सावकाश गेला तर गिऱ्हाईक कंटाळते. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात हा प्रकार देशाला ठाऊक झाला. भाव ताटलीच्या रंगावरून ठरे, आचाऱ्याशी कसे बोलावे याची धास्ती उरली नाही, आणि आईबाप, मुले, कचेरीतली टोळकी निर्धास्तपणे येऊ लागली. आज गटागटाने जाऊन कल्ला करत सुशी खाण्याची जी पद्धत ‘आधुनिक’ म्हणून ओळखली जाते, तिचा पिता हा मनुष्यबळाअभावी त्रासलेला दुकानदार.

तोवर ती अमेरिकेला पोहोचली होती. तेथे समुद्री शेवाळाचा कागद आत दडवून भात बाहेर ठेवणारा, आव्होकाडो घातलेला कॅलिफोर्निया रोल जन्मला; तो कोणी प्रथम केला यावर लॉस एंजेलिस आणि व्हँकुव्हर अजून भांडतात. मेन्यूवरचा आजचा राजा सामन हाही परंपरेतला नव्हे. परजीवींच्या भीतीने जपानी लोक तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात मत्स्यशेतीतले सामन खपवण्यासाठी नॉर्वेने जपानमध्ये चिकाटीने मोहीम चालवली, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. त्यामुळे ‘खरी सुशी’ कोणती, हा प्रश्न नागपूरच्या टेबलावर पनीर किंवा मेयोनीज पाहून विचारला जातो, तेव्हा त्याचे उत्तर द्यायला बिवाकाठच्या म्हाताऱ्यांखेरीज कोणाला फारसा अधिकार उरत नाही.

भारतात सुशी ठळकपणे आली ती हमालाच्या रूपात नव्हे, पाहुण्या राजपुत्राच्या. २००४ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मासाहारु मोरिमोतो यांच्या नावाचे ‘वसाबी’ सुरू झाले. ते हॉटेल १९०३ मध्ये जमशेटजींनीच उघडलेले; कापूस पाठवणाऱ्याच्या घरी शतकभराने जपानचा घास आला. त्यानंतरच्या वर्षांत ती मोठ्या हॉटेलांतून खाली उतरत मॉलमध्ये, गल्लीतल्या उपाहारगृहांत आणि घरपोच डब्यांत आली. उतरताना शाकाहारी झाली, तळली गेली, झणझणीत झाली.

नागपूरची जपानशी ओळख तोवर वेगळ्याच कारणाने जुनी झाली होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, भदंत सुरई ससाई येथे आले आणि नागपूरचेच झाले. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये जपानी दानातून उभे राहिले. या शहराच्या मनात जपान हा आधी बुद्धाचा देश होता, मग मोटारींचा, आणि सर्वांत शेवटी माशांचा.

आणि एम्प्रेस मिल? १९८६ मध्ये ती सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये कायमची थांबली. तिच्या जागेवर, गांधीसागर झालेल्या त्या जुन्या तलावाकाठी, आज एम्प्रेस नावाचाच मॉल आहे. रस्त्याचे नाव अजून सर बेझनजी मेहता मार्ग. जेथे कामगार पाळीच्या भोंग्याने आत-बाहेर करत, तेथे आता मित्रमंडळी वाढदिवस साजरे करतात.

राहता राहिला एक व्यावहारिक भेद. सुशीचा उगम गोड्या पाण्यातला असला, तरी तलावातला रोहू किंवा मरळ कच्चा कापून भातावर ठेवणे धोक्याचे आहे. गोड्या पाण्यातल्या माशांत माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. जुन्या लोकांनी तो मीठ आणि आम्ल यांत महिनोन्महिने ठेवला होता, ते उगाच नव्हे. कच्चा खायचा मासा उणे वीस अंशांत आठवडाभर गोठवलेला असावा लागतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना पोहोचणाऱ्या शहरात तो टेबलापर्यंत थंड राहतो तो शीतगृहे आणि शीतवाहनांच्या जोरावर. भातही येथला एचएमटी चालत नाही : त्याचा दाणा सुटा शिजतो, सुशीला चिकटून राहणारा आखूड दाणा हवा.

टेबलावर मात्र शेवटची खटपट काड्यांशी चालते. एकाचा घास सोया सॉसच्या वाटीत पडतो, दुसऱ्याचा भात फुटतो, तिसरा इकडेतिकडे पाहत गुपचूप बोटांनी उचलतो आणि ओशाळतो. निगिरी हातानेच खायची वस्तू आहे; र्‍योगोकूच्या गाडीपुढे काड्या नव्हत्या, पडदा होता.